दौलताबादच्या घाटात इटलीची सायकल

आमची लेक इटलीत नोकरी करते. एका सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिच्यासोबत पुठ्ठ्याचा भला मोठा खोका होता. आत सायकलची नुसती फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, काहीच नाही. ह्यांनी दिवाणावर चादर अंथरून ती अलगद ठेवली. हे वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग विभागात सुपरवायझर होते, नुकतेच निवृत्त झालेले. लोखंडाचे जोड बघण्यात सगळी हयात गेलेली.

"अगं, इकडं ये. डोळे मिट अन् बोट फिरव. जोड कुठं संपतोय सांग."

मी बोट फिरवलं. दोन नळ्या जिथं मिळत होत्या तिथं पोलादाचं कोरीव आवरण होतं, आणि त्याची कड पिंपळपानाच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली. ती कुठं विरली ते बोटाला कळलंच नाही.

"हातानं केलंय हे. पितळ वितळवून आत मुरवलंय, बाहेर एक थेंब नाय," हे म्हणाले आणि नळीवर नखानं टिचकी मारली. पोलाद इतकं पातळ, की काशाच्या वाटीसारखा आवाज आला. ह्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग लेकीला म्हणाले, "असा हात मी कारखान्यात एकाचाबी पाहिला नाय गं."

लेकीनं ती एका म्हाताऱ्या कारागिराकडून घेतली होती. कुण्या गिऱ्हाइकानं वापरून परत दिलेली, फिक्या निळ्या रंगाची. बाकीचे भाग ह्यांनी जमवले. काही शहागंजातून, काही पार्सलनं मागवून. लेक परत गेल्यावर बऱ्याच दिवसांनी सायकल उभी राहिली. हे मोठ्या हौसेनं बसले, आणि गुडघे हँडलला लागले. मापच लहान. फोनवर लेक रडवेली झाली. हे मात्र माझ्याकडं बघत होते.

"तुझ्या उंचीची हाय ही," म्हणाले.

"मला नाही जमायचं, अहो," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

न जमण्याचं कारण ह्यांना माहीत होतं. मी वैजापूरची. शाळेत असताना मी आणि एक मैत्रीण सायकलीनं जायचो. कांद्याच्या दिवसांत मार्केट यार्डाच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागायची. एका सकाळी ती माझ्यापुढं होती. एक ट्रॉली वळली आणि ती दिसेनाशी झाली. मी ब्रेक दाबून उभी राहिले. लोक ओरडत धावले तरी मी तशीच उभी, दोन्ही हातांनी हँडल धरून. ती वाचली नाही. त्यानंतर मी सायकलवर बसले नव्हते. लग्नानंतर एकदाच ह्यांना सांगितलं होतं, पुन्हा आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

सायकल उस्मानपुऱ्याच्या आमच्या घरात भिंतीला टेकून राहिली. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचे आणि पुसताना हात उगाच रेंगाळायचा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची ती खाली येऊन हलकेच पुढं वळलेली कड. एवढं कुणी कशाला घडवावं, जे रस्त्यावर धुळीत जाणार? एका रविवारी ह्यांना न सांगता मी ती माझ्या शाळेच्या मैदानावर नेली. तिथं मी विज्ञान शिकवते, पण त्या दिवशी शाळेत कुणी नव्हतं. बसले. दोन फेऱ्यांनंतर कळलं, खडे आणि खड्डे ही सायकल स्वतःच गिळून टाकते. खाली जमीन आहे हे जाणवतं, पण लागत नाही. पायडल मारलं की ती जराशी वाकून पुढं ढकलते, जिवंत असल्यासारखी. घरी आले तेव्हा घामानं चिंब होते. ह्यांनी चाकांत हवा भरली.

मग दर रविवारी आम्ही निघू लागलो. मी सायकलवर, हे मागं स्कूटरवर. छावणी, पडेगाव, मिटमिटा. प्रत्येक ट्रकचा हॉर्न माझ्या पाठीत घुसायचा. दौलताबादला किल्ल्याचा जुना दरवाजा रस्त्यावरच आहे, एका वेळी एकच गाडी मावेल एवढा. तिथं मी उतरून ढकलत जायचे.

एकदा घाट चढून वर गेलो. येताना उतारावर वेग वाढला, डावीकडून वारा आला, आणि पुढचं चाक थरथरायला लागलं. आधी थोडं, मग हँडल हातात फडफडू लागलं. मी जीव खाऊन ते आवळलं. थरथर वाढली. खालून बस वर येत होती. मला ट्रॉली दिसली, खरोखर दिसली. हे मागून ओरडत होते, काय ते कळत नव्हतं. कसे कोण जाणे, माझे गुडघे दांडीला आवळले गेले आणि थरथर एकदम विरली. बस शेजारून गेली. खाली पेरूच्या गाडीपाशी थांबले आणि मला उलटी झाली.

ह्यांनी घरी येऊन सायकल पूर्ण सुटी केली. छर्रे, बेअरिंग, चिमटा, एकेक जोड भिंगाखाली धरला. कुठं काही नाही.

"हिच्यात दोष असता तर बरं झालं असतं," हे म्हणाले. "आता कशाला भ्यायचं तेच कळंना." सायकल पुन्हा जोडून त्यांनी तिला कुलूप घातलं.

मी लेकीला फोन केला. ती त्या म्हाताऱ्या कारागिराला विचारून आली. "आई, तो म्हणाला, हँडल घट्ट धरलं होतं का? वेगात हात ताठ झाले की अशी फ्रेम थरथरू शकते. हात सैल सोड, गुडघा दांडीला लाव."

म्हणजे माझी भीती हातांतून सायकलीत उतरली होती. मला आधी त्याचा राग आला, मग त्याहून मोठी धडकी भरली. भीती सोडायची ठरवून कुठं सुटते?

ह्यांच्याकडं चावी मागितली. "नाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाय. रविवारी सकाळी चावी ओट्यावर होती आणि हे बाहेरच्या खोलीत पाठमोरे बसले होते.

"मी नाय येत मागं. मला बघवत नाय," म्हणाले.

मी एकटीच गेले. घाटाच्या माथ्यावर तोंडाला कोरड पडली. दोन ट्रक जाऊ दिले, मग सायकल उतारावर सोडली. त्याच वळणाजवळ हँडल पुन्हा थरथरलं. बोटं आवळायला लागली होती, ती मी एकेक करून सैल केली, गुडघा दांडीला टेकवला. सायकल थोडी हलली आणि शांत झाली.

परत आले तर हे छावणीच्या चौकात स्कूटर लावून उभे, अंगात घरातलाच सदरा.

"हलली?"

"व्हय."

"मग?"

"थांबली."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि स्कूटरला किक मारली, पण ती चालू होईना. आम्ही दोघं आपापली गाडी ढकलत घरी आलो.

अजूनही दर रविवारी मी घाट उतरते. शनिवारी संध्याकाळपासून जेवण जात नाही, आणि माथ्यावर दर वेळी तोंड कोरडं पडतं.