तीन मशिनं आणि देशपांडे साहेबांची घाई

आमच्या सर्व्हर रूममध्ये धुळीचा कण येऊ देत नाहीत. दाराशी चपला काढायच्या, पायांत निळे मोजे चढवायचे, मगच आत. तरी एवढे किस्से तिथे कसे साठतात, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही! मी तिथला दारवान. दुबईच्या पलीकडे, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, काचेच्या भिंतीबाहेर टेबल टाकून बसतो. सगळे हमीदचाचा म्हणतात.

*

आत तीन मोठी मशिनं. फुजैराच्या बंदरात जहाजांत तेल भरतात, त्याचे सगळे कागद त्यांच्यात. आमचे मॅनेजर देशपांडे साहेब. त्यांनी मला एकदा समजावलं, "चाचा, प्रत्येक कागदाच्या तीन कॉप्या, तीन मशिनांत. एक मेलं तरी दोन जिवंत! ह्याला म्हणतात सेफ्टी."

मी म्हटलं, "मग साहेब, तिघांच्या वायरी ह्या एकाच प्लगच्या पट्टीत का?"

साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "ते टेम्पररी आहे."

चार वर्षं झाली!

*

गेल्या महिन्यात ठरलं, तिन्ही मशिनांतली जुनी सिस्टिम काढून नवी घालायची. काम शिल्पा जोशीकडे. पोरगी रत्नागिरीची, हुशार, पण अजून प्रोबेशनवर. फॉर्मवर सही तिची. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "डेटा गेला तर घरचं तिकीट काढून ठेव हं, शिल्पा!" आणि एकटेच हसले.

साहेबांनी पुण्याच्या गुरुजींकडून मुहूर्त आणला, अकरा दहाचा. अकरा दहाला नारळ, हळदकुंकू आणि त्या बंद खोलीत पाच उदबत्त्या! धुराचा अलार्म असा बोंबलला की सगळी बिल्डिंग उन्हात. सिक्युरिटीवाला धावत आला, "क्या जला? क्या जला?"

शिल्पा हळूच म्हणाली, "सर, गुरुजींचे अकरा दहा म्हणजे इथले नऊ चाळीस."

साहेबांनी घाम पुसला. "मग काय झालं? उशिरा का होईना, मुहूर्त तर तोच ना!"

*

शिल्पाने पहिलं मशिन बंद केलं. नुसतं बंद. तेवढ्यात साहेबांनी हेड ऑफिसला मेल ठोकला, तेहेतीस टक्के काम फत्ते!

मी विचारलं, "साहेब, अजून काही घातलं कुठे तिने?"

"चाचा, बंद करणं हेही कामच असतं!"

तसं असेल तर आमच्या ऑफिसात बरेच लोक फार काम करतात.

*

नवी सिस्टिम घातली, मशिन चालू झालं. पण मधल्या वेळातले कागद त्याच्याकडे नव्हते. ते बाकीच्या दोघांकडून उतरवून घ्यायचे, आणि पुरे होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. शिल्पाने मला सांगितलं, मला एकदाच ऐकून समजलं. साहेबांना चारदा सांगितलं.

"यल्ला, पुढचं घे!"

"सर, अजून बासष्ट टक्केच झालंय."

"बासष्ट? अगं, म्हणजे फर्स्ट क्लास!"

*

आता शुक्रवारचं सांगतो. जुम्म्याच्या नमाजाआधी मालक येणार होते, आणि त्यांना साहेबांनी 'खलास, झालं' म्हणून आधीच कळवून टाकलेलं! पहिलं मशिन नव्वदवर. तिसऱ्यावर सकाळपासून लाल दिवा. शिल्पा बाहेर स्क्रीनसमोर, चेहरा पांढराफटक.

"सर, तिसऱ्याचा भरवसा नाही. आत्ता दुसरं बंद केलं तर..."

"तू नको करूस. मी करतो!"

साहेबांना पासवर्ड आठवत नव्हता, पण बटण कुठे आहे ते ठाऊक होतं. दाराशी आले. "चाचा, उघडा."

मी रजिस्टर पुढे ओढलं. नोंद झाल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, आणि नोंद दारवानानेच करायची, हा नियम साहेबांचाच.

"नाव, साहेब?"

"चाचा, मला ओळखत नाही का?"

"ओळखतो ना. लिहायचंय."

शाळेत मी कधी गेलो नाही. अक्षरं इथेच शिकलो, म्हातारपणी. 'देशपांडे'त जोडाक्षर नाही, पण काना-मात्रा फार. मग एमिरेट्स आयडीचा नंबर, पंधरा आकडे. सातव्या आकड्यावर चूक झाली. खोडलं. पुढच्या ओळीवर पहिल्यापासून घेतलं.

"अहो चाचा, लवकर!"

"इन्शाल्ला, साहेब."

मोबाइल नंबर. मजला. आत जायची वेळ. घड्याळ पाहायला चष्मा काढला, पुसला, घातला.

आत काहीतरी खट्‌ वाजलं. शिल्पा ताडकन उठली.

"सर, तिसरं गेलं! पूर्ण गेलं!" मग स्क्रीनकडे पाहून खुर्चीत बसली. "पहिलं शंभर झालंय, सर. दुसरं चालू आहे. सगळं आहे."

साहेब दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे.

मी पेन उचललं. "साहेब, शेवटचा रकाना. येण्याचं कारण?"

साहेबांनी घसा खाकरला. "लिहा... पाहणी."

मी झटकन लिहिलं.