वाटपाचा सोमवार

“समज, मी तुझा चुलता,” असं म्हणून त्या खांद्यावर पंचा टाकायच्या आणि हात पुढे करायच्या. “दे पैसे.”

“न्हाई,” समोरच्या मुलीने म्हणायचं. बाकीच्या हसायच्या.

“हसू नका गं. मोठ्यानं म्हणा.”

दौंडमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या या अधीक्षक बाई. नव्वदच्या दशकात मी एका दैनिकाचा शिरूर-दौंडचा वार्ताहर होतो. दुसऱ्याला धीट करणारी आणि स्वतः भित्री अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फाटकाची कडी वाजली तरी बाई दचकायच्या.

शिष्यवृत्ती सहा महिन्यांची एकदम आणि रोख यायची. त्याआधी प्रत्येकीने खर्च कागदावर लिहायचा. एकीने ‘बांगड्या’ लिहिलं. बाई म्हणाल्या, “राहू दे. पण फीच्या खाली.” उरलेले पैसे पोस्टात, स्वतःच्या सहीच्या खात्यात.

वाटपाचा दिवस त्या कोणालाही सांगत नसत. का, ते मी कधी विचारलं नाही. मला तो सरकारी कचेरीत कळला आणि मी छापला.

त्या सोमवारी सकाळी मी वसतिगृहावर गेलो, तेव्हा बाकावर खुटबाव गावचा एक माणूस बसलेला होता. बारावीतल्या एका मुलीचा चुलता. तिचे वडील वारल्यापासून घर त्याच्या शब्दावर चालायचं.

“पेपरात वाचलं म्हून आलो,” तो म्हणाला. “पैसं द्या आन् पोरगीबी द्या. सोयरीक जमलीय.”

मुलगी दारात उभी होती. “न्हा...” इतकंच म्हणून तिने बाईंकडे पाहिलं.

“पैसे तिच्या सहीचे आहेत, मामा,” बाई म्हणाल्या. “ती परीक्षेचा फॉर्म भरायला चाललीय. तुम्ही चहा घ्या.” मी उठलो तशा त्या हळूच म्हणाल्या, “जाऊ नका. मला भीती वाटते.”

मुलगी स्वयंपाकीणबाईंबरोबर कॉलेजात गेली. आम्ही तिघे समोरासमोर बसून राहिलो. दोन तासांनी ती पावती घेऊन आली. चुलत्याने पावती उलटसुलट पाहिली.

“बरं. परीक्षा कवा हाय?”

बाईंनी त्याच्यापुढचा रिकामा कप उचलला.

“ती तारीखबी येईलच की पेपरात,” असं म्हणून तो गेला.

जानेवारीत बाईंची बदली झाली. निरोपाला जायला मला जमलं नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी केंद्रावर गेलो. चुलता फाटकाबाहेर मोटरसायकल लावून उभा होता. मुलगी आत गेली होती. पेपर सुटायला तीन तास होते. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.