लिलाववाल्या बाईंनी मला ओरडायला शिकवलं

लिलाववाल्या बाईंबद्दल मला फारसं माहीत नाही. त्या कुठे राहत, घरी आणखी कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही. कुणाला काही विचारणं मला जमत नाही. आमची ओळख तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीपाशी झाली आणि तिथेच संपली. तरी लिहायला बसलो, कारण आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा भाऊ नुकताच आत गेला आणि इस्त्रीवाला मला विचारायला आला, "भेटायला जाताना काय न्यायचं, काय बोलायचं?" मी सांगत गेलो आणि लक्षात आलं, की यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळी बाईंची.

मला तुरुंगाची पायरी चढायला लावली माझ्या मेहुण्याने. माणूस वाईट नाही, पण हात लवकर उठतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून वाद झाला आणि त्याने सेक्रेटरींच्या दिशेने खुर्ची भिरकावली. सेक्रेटरी वाकले. खुर्ची खिडकीतून बाहेर गेली आणि खाली उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीवर पडली. गाडी भांडणासाठी आली नव्हती. ड्रायव्हर केळी घ्यायला थांबला होता.

"आयुष्यात पहिल्यांदा याचा नेम लागला," आमची ही म्हणाली, "आणि तो कुठे लागावा?"

जामिनासाठी त्याच्या घराचे कागद हवे होते. कागद लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुठे ते फक्त त्याला ठाऊक. कपाट फोडू म्हटलं, तर कपाट हिच्या आईचं. वकिलांना विचारू म्हटलं, तर वकील फोन उचलत नव्हते. हिचे गुडघे धरलेले, म्हणून मला धाडलं. काम एवढंच, की किल्ली कुठे ते विचारून यायचं.

आता माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. दुकानात मी "अर्धा किलो साखर" म्हटलं, की दुकानदार माझ्या मागच्या माणसाला विचारतो, "तुम्हाला काय हवं?" आणि तुरुंगातली भेटीची खोली म्हणजे लांबट बोळ. आपल्यापुढे एक जाळी, हातभर मोकळी जागा, पुन्हा एक जाळी, आणि तिच्यामागे आपली माणसं. दोन्हीकडे खांद्याला खांदा लावून रांग. सगळे एकदम बोलतात. शेजारचा ओरडतो म्हणून आपण ओरडायचं, आपण ओरडतो म्हणून त्याने आणखी ओरडायचं. त्यात मी माझ्या परीने किल्लीची चौकशी केली. मेहुणा हसून मान हलवत राहिला. घंटा झाली.

बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत टेकलो. शेजारी एक बाई बसल्या होत्या. अंगाने भरलेल्या, मांडीवर पिशवी, पदर खोचलेला.

"भाऊ, भेट झाली पण बोलणं नाही झालं ना?" त्या म्हणाल्या. हे त्या मला म्हणाल्या, पण रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याने मान हलवून सहानुभूती दाखवली.

भाजीच्या घाऊक बाजारात त्या लिलाव पुकारत. पहाटे माल उतरला, की पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून भाव चढवायचा. बाजाराने एकदा भोंगा आणला होता. बाईंनी तो लावून पाहिला आणि परत दिला, म्हणाल्या यात आवाज दबतो. बाजारातल्या गाढवांनीही म्हणे बाईंपुढे तोंड उघडणं सोडलं होतं. हे त्यांनीच सांगितलं, त्यामुळे खरं किती ते मला माहीत नाही.

"कोण आहे आत?"

"मेहुणा."

"कच्चा कैदी की पक्का?"

मला कळेना. त्यांनी समजावलं, की खटला चालायचा असेल तो कच्चा, शिक्षा लागली तो पक्का. "कच्चा असेल तर बरं. अजून भाव फुटलेला नाही. काय विचारलंत त्याला?"

"कसा आहेस, जेवलास का, आणि मग..."

"तिथेच बुडालात. कसा आहेस म्हणजे काय? तुरुंगात आहे. जेवतो काय, ते त्याच्या पोटाकडे बघून कळतं. पहिलं वाक्य कामाचं टाकायचं, रडणं शेवटाला ठेवायचं. लोक उलटं करतात. पहिल्यांदा रडून घेतात, आणि घंटा झाली की आठवतं, अरे, त्याच्या दम्याच्या औषधाचं राहिलं."

"औषध तर मेहुण्याचंही आणलंय मी," मी खिशातून पुडी काढली. ती मी आत देऊच शकलो नव्हतो. एका शिपायाने माझ्याकडे असं पाहिलं होतं, जणू मीच ती खाणार होतो.

"हातात कोण घेईल? डॉक्टरची चिठ्ठी जोडा आणि खिडकीवर द्या, आतल्या डॉक्टरला दाखवायची म्हणून सांगा. पैसेही तसेच, त्याच्या नावावर काउंटरला भरायचे आणि पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही. बाहेर एक टोपीवाला फिरतो, म्हणतो मी आत पोचवतो. त्याला म्हणायचं, बाबा, आधी तूच आत पोच. आणि नाडीची पँट आणलीत का त्याला?"

"हो."

"परत न्या. नाडी आत चालत नाही, इलॅस्टिक हवं. आणि प्रत्येक जेलचा नियम वेगळा. खिडकीवरचा माणूस बदलला, तर ह्याच जेलचाही वेगळा. म्हणून काहीही आणायच्या आधी विचारायचं."

मी म्हटलं, विचारणं हीच माझी अडचण आहे. त्यांना ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी मला तिथेच उभं केलं. "घसा फाडायचा नाही. आवाज पोटातून काढायचा, थोडा नाकातून सोडायचा आणि शेवटचं अक्षर ओढायचं. म्हणा, किल्लीऽऽ."

मी म्हटलं.

"हे तुम्ही किल्लीला सांगताय की मला?"

पुन्हा म्हटलं. रिक्षावाला म्हणाला, "अजून येऊ द्या, काका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण किल्लीशिवाय घरी गेलो तर तिथे जे ऐकावं लागणार होतं, ते आठवलं आणि कुठून कोण जाणे, एक आवाज बाहेर पडला. भिंतीवरची कबुतरं उडाली. मनोऱ्यावरचा शिपाई खाली वाकून बघायला लागला.

"शिकतोय माणूस," बाईंनी त्याला वर कळवलं. "तुमचं चालू द्या."

निघताना त्यांनी एकच ताकीद दिली. "तुमच्या आवाजाबरोबर त्याचं उत्तरही सगळ्या खोलीला ऐकू जाणार. म्हणून केसबद्दल तिथे चकार शब्द नाही. ते वकिलाशी. तुमचा फोन उचलत नसेल तर कोर्टात फुकट वकिलासाठी अर्ज करता येतो, लाजायचं नाही. आणि किल्लीचं विचाराल ते असं विचारा, की तो नुसतं हो किंवा नाही म्हणेल."

पुढच्या भेटीला मी पोटातून, नाकातून, सगळीकडून ओरडलो, "किल्ली कुठे आहेऽऽ?" हो-नाहीचं डोक्यातून पार गेलं होतं. मेहुणा दचकला. इतक्या वर्षांत त्याने माझा आवाज ऐकला नव्हता. मग दुप्पट मोठ्याने म्हणाला, "पिठाच्या डब्यात, दाजी! तळाशी! घराला कुलूपही साधंच आहे, खिळ्याने उघडतं!"

जाळीपलीकडे अनेकजण विचारात पडलेले दिसले.

मी पळत सुटणार, इतक्यात मेहुणा म्हणाला, "दाजी, त्या लिलाववाल्या बाई भेटतात का बाहेर? त्यांचा मुलगा माझ्या शेजारी झोपतो. म्हणतो, आई हळू बोलणार असेल तरच भेटीला येईन."

बाईंचंही कुणी आत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दर आठवड्याला त्या नाव नोंदवत आणि दर आठवड्याला आतून उत्तर येई, "नको म्हणतो." मग त्या भिंतीपाशी बसून दुसऱ्यांना शहाणं करत. मुलगा टेम्पोवर कामाला होता आणि टेम्पोत चोरीचे टायर निघाले. "चोरले कुणी ते वकील बघेल," बाई नंतर म्हणाल्या, "पण त्यावर बसला होता आमचाच."

त्यांना हा निरोप सांगणं माझ्या जिवावर आलं. तीन वेळा घसा खाकरून सांगितला.

"मी मोठ्याने बोलते?" बाईंनी विचारलं. पलीकडे रिक्षावाला दुसरीकडे बघायला लागला.

मग त्यांना आठवलं. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाला विचारलं होतं, "अंधाराची भीती नाही ना रे वाटत? साहेबांना सांगू का दिवा ठेवायला?" मुलगा सहा फुटी, मिशा पिळलेला. मेहुण्याने हेही सांगितलं होतं, की त्या दिवसापासून बराकीत त्याचं नाव दिवाबत्ती. संध्याकाळ झाली, की सगळे एकमेकांना विचारत, दिवाबत्ती झाली का?

"मला वाटलं, टायरवरून मी बोलले त्याचा राग आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. पुढच्या भेटीनंतर मुलाला लांबच्या जेलात हलवणार होते. तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडला असता आणि बाजार काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. म्हणजे हातात एकच भेट उरली होती. "भाऊ, तुम्ही हळू कसं बोलता? शिकवा."

मला आयुष्यात कुणी काही शिकवायला सांगितलेलं नाही. म्हटलं, "शेजारच्या खोलीत मूल झोपलंय असं समजा."

"आमच्याकडे मूल झोपलं की मी बोलायचे आणि मूल उठायचं."

"मग अर्धाच श्वास घ्या. आणि ओठ कमी उघडा."

त्यांनी अर्धा श्वास घेतला, ओठ मिटल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "बाळ, बरा आहेस ना?" रिक्षावाला म्हणाला, "बरा आहे, मावशी."

त्यांनी हार मानली नाही. आठवडाभर म्हणे त्या बाजारातही कुजबुजत लिलाव पुकारत होत्या. एका व्यापाऱ्याने कांदे समजून बटाट्याचं पोतं नेलं.

भेटीच्या दिवशी आमची नावं एकाच फेरीत लागली. चपला बाहेर काढून, झडती देऊन आम्ही आत उभे राहिलो. शिपाई कैद्यांना बोलवायला निघाला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "त्याला सांगा, आई हळू बोलणार आहे." मला वाटतं, निरोप पोचवायची गरज उरली नसावी.

मुलगा आला. खरंच सहा फुटी. माझ्या मेहुण्याच्या शेजारी उभा राहिला आणि आईकडे न बघता जाळीकडे बघायला लागला.

बाईंनी अर्धा श्वास घेतला आणि बोलल्या. इतक्या हळू, की मला शेजारी असून ऐकू आलं नाही. मुलाने कान पुढे केला. त्या पुन्हा बोलल्या. त्यांचे नुसते ओठ हलत होते. आजूबाजूला नेहमीचा गोंधळ. मुलगा म्हणाला, "काय?" बाईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज काही त्यांनी वाढू दिला नाही. वेळ चालला होता. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगा."

मी काय काय बोललो ते मला आता लिहितानाही अवघडल्यासारखं होतं. त्या कानात सांगत आणि मी पोटातून, नाकातून, शेवटचं अक्षर ओढून पुकारत होतो. "आई सांगते, नव्या वकिलांनी अर्ज केलाऽऽ! सही लागेल तिथे वाचूनच करऽऽ! आई म्हणते, मिशा कापूऽऽ नकोस!" मेहुणा थक्क होऊन बघत होता. मुलगा हसायला लागला. मग त्याने आईकडे पाहिलं.

शेवटी बाई पुन्हा कानाशी आल्या. "दिव्याचं विचारा," म्हणाल्या.

रांगेत सगळे होते, दिवाबत्ती म्हणणारेही. म्हटलं, "आई विचारतेऽऽ, बाकी सगळं ठीक ना?"

मुलाला काय ते समजलं. त्याने दोन्ही बाजूंना एकदा पाहिलं आणि आईवर गेलेल्या आवाजात म्हणाला, "सांगा तिला, इथे रात्रभर दिवा चालूच असतो! बंद करतच नाहीत! मी झोपतो!"

जाळीच्या दोन्ही बाजू हसल्या. तोही हसला. घंटा झाली. बाईंनी तोंडावर पदर धरला होता.

नंतर मुलाला हलवलं. कागद कोर्टात पोचल्यावर मेहुणाही सुटला. माझं तिकडे जाणं थांबलं आणि बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्या भेटीनंतर बाहेर आलो तेव्हा दारापाशी चपलांचा ढीग होता, सगळ्यांना घाई होती आणि मी हाताला लागल्या त्या चपला पायात सरकवल्या. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"भाऊ, डावी तुमची आहे. उजवी कुणाची?"

"माहीत नाही. पण मापाची आहे."

"मग जा घालून."