बहिणीला पोचवून देणारा

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, ती वर्षं. गावोगावी माणसं विष पीत होती, म्हणून मागे राहिलेल्यांना मानसिक आधार द्यायला अमरावतीच्या दवाखान्यात एक समुपदेशक बाई बसू लागल्या. घटस्फोटानंतर माझ्या धाकट्या बहिणीनं जेवण टाकलं, झोपेत किंचाळू लागली, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी तिलाही तिकडेच धाडलं.

बाहेर बाकावर शेजारी बसलेल्या एका विधवेनं तिला विचारलं, "तुहा कोन गेला, माय?"

"कोनी नाई. नवऱ्याले सोडलं."

"मंग बरं हाय. जिता तं हाय."

"जिता हाय, थेच तं दुखते."

बाकावरच्या बाया हसल्या. तीही हसली.

आत मीही गेलो. बाईमाणसानं परक्यासमोर एकटीनं बोलायचं नाही, भावानं सोबत बसायचं, अशी आमच्याकडची रीत. बाई तिला विचारत, उत्तरं मी देई. नवरा पट्ट्यानं मारायचा, लाटण्यानं मारायचा, कानशिलात मारून त्यानं तिचा डावा कान कायमचा घालवला. मी तळमळीनं सांगत होतो. ती फरशीकडे बघत होती.

पुढच्या एका खेपेला बाईंनी मला हातानं थांबवलं आणि तिला विचारलं, "माहेरी पळून आलात, की परत कोण नेऊन सोडायचं?"

माहेरवाशिणीला साडीचोळी करून भावानं पोचवून द्यायचं असतं. मार खाऊन आलेल्या बहिणीलाही मी तसंच पोचवत आलो. शेवटच्या वेळी ती एसटीत चढेना. दाराचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. मी तिची बोटं एकेक करून उकलली, तोंडावर मारलं, आत ढकललं. फुटल्या ओठानंच तिला नवऱ्याच्या दारात उभं केलं. "कोनं मारलं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मीच." तो हसला, मला चहा पाजला. भावानंच मारली म्हटल्यावर त्याला कुणाचा धाक उरला नाही. तिचा कान त्याच आठवड्यात गेला.

हे मी त्या खोलीत बोललो नव्हतो. तिनं सांगितलं. सांगता सांगता उठली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर, डोक्यावर मारत सुटली. नाकातून रक्त आलं. बाईंनी तिचा हात धरला. "मारायचं नाही ताई, बोलायचं."

"बोलू कवा? माया वाटचं बी हाच बोलून राह्यला ना."

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. यापुढं बाहेरच."

मी नाकाला रुमाल लावून बाकावर बसलो. ती विधवा म्हणाली, "भाऊ, तुमाले बी औषध देलं वाटते."

त्यानंतर दर मंगळवारी बहीण एकटीच अमरावतीला जाऊ लागली. स्टँडपर्यंतही मला येऊ देत नसे. हळूहळू जेवू लागली. आत काय बोलते ते मी कधी विचारलं नाही. एकदा ती भाजी निवडत असताना मी समोर बसलो आणि माफी मागितली. तिनं मान वर केली नाही.

"थे मी तिथं बोलते, भाऊ," ती म्हणाली. "तुह्यासंगं नाई."