जेर्नेय ओब्लाकची चौदा वर्षं

जेर्नेय ओब्लाक आयुष्यात एकच खोटं बोलला. ते त्याला जन्मभर पुरलं.

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस साली कोणाला खोटं बोलायची गरज नव्हती. क्लीव्हलंडला सरोवराकाठच्या फाउंड्रीत तीन पाळ्या चालायच्या, आणि स्लोव्हेन वस्तीतला जो माणूस सकाळी उठून उभा राहू शकत होता, त्याला काम होतं. जेर्नेय साचे करायचा. ओल्या वाळूत अंगठा दाबून सांगायचा, ही वितळलेल्या लोखंडाचा रस धरील, ही फुटेल. हप्त्यांवर घर झालं, हप्त्यांवर रेडिओ आला, मागच्या अंगणात द्राक्षाचा मांडव चढला. दारूबंदी होती, तरी पानगळीच्या दिवसांत तो आणि बायको नेझा तळघरात वाइन करायचे, आणि कोपऱ्यावरचा पोलीस आपली बाटली न चुकता घेऊन जायचा.

तिसाव्या साली एकेक भट्टी विझत गेली. विझवली असं कोणी म्हणत नसे. थंड ठेवली आहे, असं म्हणत. रेडिओ न्यायला दुकानाची माणसं आली तेव्हा दोघांनी दार धरून त्यांना वाट करून दिली. त्यानंतरची तीन वर्षं जेर्नेयला नीट आठवत नसत. कोबी आठवे, आणि पुन्हा कोबी.

तेहेतीसच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक भट्टी पेटली. गेटवर चारशे माणसं जमली. डॉयल हा नवा फोरमन पेटीवर चढून ओरडला, "पंचेचाळीसच्या वरचे घरी जा. माझा वेळ खाऊ नका!"

जेर्नेयला छप्पन्नावं चालू होतं. तो घरी गेला.

नेझाने अक्रोडाच्या साली उकळून केसांना लावायचं काळं पाणी केलं आणि त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं.

"मान खाली घाल. लग्नातसुद्धा एवढा नटला नव्हतास."

"जन्मसाल काय सांगू? आजवर फाउंड्रीत कोणी विचारलंच नाही."

"अठराशे एक्याण्णव सांग. म्हणजे मी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आजपासून उलट बोलायचं नाही, ताई म्हणायचं."

"ताई, कानाला रंग लागला बघ."

"लागू दे. कान कोण बघतोय? गुडघे बघतील. गेटवर वाकून चालू नकोस."

अठराशे सत्याहत्तर सालचा जन्मदाखला, मायदेशातल्या गावच्या चर्चचा शिक्का असलेला, त्याने त्याच दिवशी चुलीत टाकला. कंपनीची माणसं घरोघर चौकशा करत फिरत. कोणाच्या हाती लागला तर?

दुसऱ्या दिवशी डॉयलने साच्याची लोखंडी चौकट उचलायला लावली. जेर्नेयने उचलली. कमरेत काहीतरी निसटलं. ते त्याने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"आत जा," डॉयल म्हणाला.

छत्तीस साली सरकारी पेन्शनचे अर्ज फाउंड्रीतच वाटले, आणि गोळा करायला उभा होता डॉयल. जन्मसालाच्या रकान्यापाशी जेर्नेयची पेन्सिल थांबली. मग त्याने एक्याण्णव लिहिलं. दुसरं काय लिहिणार होता?

संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात त्या अर्जांवरून हशा पिकला.

"पासष्टीनंतर सरकार घरबसल्या पगार देणार म्हणे!"

"फाउंड्रीतला माणूस पासष्टीला पोचलेला कोणी पाहिलाय?" लोव्रो म्हणाला. तो थडग्यांचे दगड घडवायचा. "मला विचारा. आकडे मी कोरतो."

जेर्नेयही हसला. पेन्शनची चौदा वर्षं गेली तर गेली. पोटात भाकर तर होती.

अडतीस साली नेझा गेली. शवपेटी उचलायला फाउंड्रीतलीच माणसं आली, टोपी हातात धरून डॉयलही आला. रीतीप्रमाणे दगडावर दोघांचीही नावं कोरायची होती. नवऱ्याचं जन्मसाल आताच, मरणाची जागा कोरी ठेवून.

"तुझं सत्याहत्तर ना?" लोव्रोने विचारलं.

"एक्याण्णव."

"वेड्या, इथं तरी खरं लिही. हे देवाचं दार आहे."

"देव फाउंड्रीत माणसं भरत नाही," जेर्नेय म्हणाला. "कोर."

लोव्रोने कोरलं. त्या दुपारी छिन्नीचा प्रत्येक घाव जेर्नेयने उभा राहून ऐकला.

मग युद्ध आलं आणि सुबत्ता परतली. साऱ्या भट्ट्या पेटल्या, पाळ्यांवर पाळ्या लागल्या; लोक पुन्हा हप्त्यांवर वस्तू घेण्याच्या गोष्टी बोलू लागले. बेचाळीसच्या नोव्हेंबरात जेर्नेयला पासष्ट पूर्ण झाली. वाळूची धूळ छातीत बसली होती. चार पायऱ्या चढला की कठडा धरावा लागे. एक दिवस खाडा करून तो पेन्शनच्या कचेरीत गेला आणि मनात साठवलेलं सगळं सांगून मोकळा झाला.

खिडकीतली मुलगी भली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, फाउंड्रीत एक्याण्णव, पेन्शनच्या कार्डावर एक्याण्णव, परदेशी नागरिकांच्या नोंदणीतही एक्याण्णव. गावाहून दाखला मागवता येईल?"

"गावात इटालियन फौज आहे. पत्रं जात नाहीत."

"घरच्या बायबलात लिहिलेलं? एखाद्या थडग्यावर?"

जेर्नेयने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"थडगं आहे," तो म्हणाला. "त्यावरही तेच आहे."

मुलीने त्याच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं. "छप्पन सालीच या मग. आणि खरं सांगू? पासष्टीचे वाटत नाही हो तुम्ही."

नेझा गेल्यापासून तो स्वतःच आरशासमोर उभा राहून केसांना रंग लावत होता. मागची बाजू नीट लागत नसे, पण खिडकीतून मागची बाजू दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला डॉयलने त्याला बाजूला घेतलं. "साचे आता बायका करतील. तरणी पोरं लढाईवर गेली, मोठ्या पळीला माणूस नाही. तू पळीवर जा. पगार वाढेल."

भट्टीतला रस पळीत घेऊन चालत न्यायचं काम. दोघांनी मिळून दांडा धरायचा, मध्ये थांबता येत नाही.

"मला नाही झेपणार," जेर्नेय म्हणाला. नऊ वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य मग त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "डॉयल, मी पासष्ट वर्षांचा आहे."

डॉयल खो खो हसला. "ऐकलं का रे, ओब्लाक म्हातारा झाला! आणि मी सोळा वर्षांचा!" पळीपाशी उभी असलेली माणसंही हसली. "एक्कावन्नाव्या वर्षीच कामचुकारपणा? देशात लढाई चाललीय लेका. चल, धर."

रस यायला लागला होता. पलीकडच्या माणसाने दांड्याचं आपलं टोक धरलं आणि तो वाट बघत राहिला. जेर्नेयने हातमोजे चढवले, आणि दुसऱ्या टोकापाशी जाऊन वाकला.