कडब्याच्या शेडमधले तारे

तीन उन्हाळ्यांपूर्वी चौसाळ्याजवळच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने धाकट्या भावाच्या कडब्याच्या शेडवर चढून पत्र्याला खिळ्याने भोकं पाडली. भोकं ताऱ्यांच्या नकाशाप्रमाणे होती.

शेडच्या फटी गोणपाटाने बुजवल्या होत्या. मधोमध गुऱ्हाळातली जुनी काहील पाण्याने भरून ठेवली होती. भर दुपारी दार लावलं की वर तारे, पाण्यात तारे आणि मधे आपण. तुमच्यापैकी जे जाऊन आले असतील, त्यांना सरांचं पहिलं वाक्य आठवत असेल. "बसा. डोळ्याला दम खाऊ द्या."

मी बातमीसाठी गेलो तेव्हा भाऊ दारातच उभा होता. "लिहा पेपरात, शेडची चाळणी केली म्हणून." मग तो सरांकडे वळला. "आण्णा, पावसात कडबा भिजल्यावर म्हशी काय तारे खातील व्हय?"

"तुझ्या म्हशी लई नशीबवान हायेत बे," सर म्हणाले.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी तेव्हा छापू दिलं नाही. आता काकूंनी परवानगी दिली आहे. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, लहानपणापासून रातांधळेपणा. दिवेलागणीनंतर त्या भिंत धरून चालत. तारा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून सरांनी तारे दुपारी आणले.

अंधुक ताऱ्याला बारीक खिळा, ठळक ताऱ्याला जाड, असा हिशेब होता. पहिल्या दिवशी काकू बराच वेळ वर बघत राहिल्या.

"न्हाई ओ. काळंच हाय सगळं. तुमी कावून एवढा कुटाणा केला?"

दुसऱ्या दिवशी सर ड्रिल मशीन घेऊन पत्र्यावर चढले. नकाशा खालीच राहिला. भोकं बोटाएवढी झाली.

त्या दुपारी मी आत होतो. काकूंनी मान हळूहळू फिरवली आणि एकदम थांबवली.

"ओ, दिसला! ह्यो बगा. एवढा मोठा असतोय व्हय तारा?"

वर्गात जन्मभर "प्रमाणात काढा" म्हणून पोरांना दटावणारे सर म्हणाले, "एवढाच असतोय."

नंतर आलेल्या एका पाहुण्याने सप्तर्षी भलतेच मोठे झाल्याचं दाखवून दिलं.

"जवळ आलेत ते," सर म्हणाले.

मागच्या दिवाळीनंतर सर गेले. भोकं बुजवायला भावाने डांबराचा डबा आणून ठेवला होता. तो उघडलेला नाही. कडबा दुसऱ्या गोठ्यात हलवला आहे. पावसात भाऊ पत्र्यावर ताडपत्री टाकतो, पाऊस उघडला की काढतो.

गेल्या आठवड्यात मी दुपारी गेलो. ताडपत्री काढलेली होती. दार लावलेलं होतं. काकू आत होत्या.