पुरुषांनी घेऊ नये

मनुष्याचं सुखदुःख त्याच्या कर्मात नसून ताटात असतं, असं पुडीवाले डॉक्टर धीरगंभीर आवाजात सांगत. ते स्वतः आयुष्यभर खाणावळीत जेवले आणि तरीही बऱ्यापैकी आनंदी राहिले.

सांगलीत त्यांचा दवाखाना माझ्या घराखालीच होता. संध्याकाळी पेशंट संपले की ते परदेशी मासिक उघडून मला जिन्यातच गाठत. प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन मेंदूत पोचलं की त्याचं सेरोटोनिन होतं आणि ते कमी पडलं की माणूस खचतो, एवढं मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. "नुसती ज्वारी खाल्ली तर तिच्यातलं ल्युसिन दांडगं होतं. ट्रिप्टोफॅनला ते मेंदूच्या दारात पुढं येऊच देत नाही," ते म्हणत. मला ते सोसायटीच्या निवडणुकीसारखं वाटे.

दुष्काळ सरला त्या साली आटपाडीकडचा एक फौजी बायकोला घेऊन आला. पारू तिचं नाव. ती बोलेना, झोपेना. हातांची कातडी करपलेली. देवऋषी करून झाला होता. चार दिवसांनी फौजीची रजा संपत होती. त्याआधी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं घरात ठरलं होतं. डॉक्टरांनी तिचे हात पाहिले आणि ती जेवते कधी, असं विचारलं.

"समद्यांचं झाल्यावर," फौजी म्हणाला.

"तेव्हा काय उरतं?"

या वेळी पारूच म्हणाली, "भाकरी उरती की."

डाळ-दूध द्या म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. ते सासऱ्याच्या आणि दिराच्या ताटात गेलं असतं. डॉक्टरांनी महिन्याची मुदत मागून घेतली. फुटाणे, शेंगदाणे आणि दूधभुकटी कुटून पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर तांबड्या शाईनं लिहिलं: 'सर्वांच्या आधी घ्यावे. पुरुषांनी घेऊ नये.'

पुरुषानं घेतलं तर काय होतं, असं फौजीनं हळूच विचारलं.

"मिशी गळते," डॉक्टर म्हणाले.

पुडीत जीवनसत्त्वाची गोळीही कुटलेली असे. त्यामुळे खरं श्रेय गोळीचं की फुटाण्या-दाण्यांचं, हा वाद मी त्यांच्याशी शेवटपर्यंत चालू ठेवला.

महिन्यानं सासू एकटीच आली. "आवं डागदर, त्ये औषध बंद करा. सून उलटं बोलाया लागलीया."

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा पुसला. "बसा. तुमचीबी पुडी बांधतो."

म्हातारी बसली.

पुढं काही वर्षांनी डॉक्टर पाचगणीला भावाकडे राहायला निघाले. निरोपाच्या समारंभात तीन पुढारी बोलले. एकानं त्यांना स्त्रीजातीचे उद्धारकर्ते म्हटलं. मग जेवणं झाली. पुरुषांच्या दोन पंगती उठल्या आणि बायका बसल्या तेव्हा वरण संपलं होतं.

पारू घरून जेवून आली होती.